नाशिकहून मालवणला: खडकांवरचे मृदू प्रवाळ आणि भोवतालचं पाणी कसं मोजावं

ठिबकच्या दुकानात अर्धा इंची पीव्हीसी पाईप आणि चार एल्बो मागितले की समोरून हमखास विचारणा होते, "किती एकर आहे, भाऊ?" मी पहिल्यांदा "पाव चौरस मीटर" असं खरं उत्तर दिलं, तेव्हा दुकानदाराने पाईप कापता कापता हात थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं. द्राक्षबागेच्या सामानातून समुद्रातली चौकट बनवणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे तोवर आलं नसावं.

नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे प्रवाळांचं सर्वेक्षण हा विषय काढला की लोक हसतात. पण माझा अनुभव असा की या कामाचा मोठा भाग समुद्रात होतच नाही. पाण्याखाली हवा मोजकी असते, हात गारठतात, लाट ढकलते आणि जमिनीवर सहज सुचणारी गोष्ट तिथे सुचत नाही. तिथे फक्त सवयीचं काम होतं. "काय मोजायचं, कुठे थांबायचं, शंका आली तर काय लिहायचं" हे प्रश्न मालवणच्या होडीत पडले तर दिवस गेला. ते नाशिकमध्येच मिटवायचे, म्हणून हा लेख. महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या मुलांना, शिक्षकांना आणि स्नॉर्केलिंग किंवा स्कुबा शिकलेल्या हौशी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी अपेक्षा जमिनीवर आणा

प्रवाळ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते कठीण प्रवाळ, दगडासारखे. त्यांच्या तोंडाभोवतीच्या बारीक सोंडांची, म्हणजे शुंडकांची, संख्या सहाच्या पटीत असते. मृदू प्रवाळ आणि समुद्रपंखे यांच्या प्रत्येक जीवाला, म्हणजे पॉलिपला, नेमकी आठ शुंडकं असतात आणि प्रत्येक शुंडकाच्या दोन्ही कडांना पिसासारखे फाटे असतात. आठ आणि पिसासारखी, एवढी एक खूण पक्की लक्षात ठेवली तरी अर्ध्या चुका टळतात. शरीरात दगडी सांगाडा नसतो. त्याऐवजी मांसल भागात चुन्याच्या सूक्ष्म काड्या आणि गुठळ्या विखुरलेल्या असतात, त्यांना कंटिका म्हणतात. जाती ओळखायच्या त्या या कंटिकांवरून.

भारतात मृदू प्रवाळांची खरी श्रीमंती अंदमान, लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाणी गढूळ, पावसाळ्यात खाड्यांतून गोडं पाणी आणि गाळ उतरतो. इथे प्रवाळ आहेत ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि त्यातले मृदू तर आणखी विरळ. म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बुडी मारून "इथे काहीच नाही" असं वाटलं तर घाबरू नका. अमुक खडकावर, अमुक खोलीवर, एवढं क्षेत्र पाहिलं आणि मृदू प्रवाळ शून्य, ही नोंद सापडलेल्या प्रवाळाच्या नोंदीइतकीच कामाची आहे. शून्य लिहायची लाज वाटणारा माणूस या कामात घेऊ नये, असं मी आता गट ठरवतानाच सांगतो.

परवानगी

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. अर्ज वन विभागामार्फत करायचा. सागरी जैवविविधतेचं काम पाहणारा कांदळवन कक्षही याच विभागाचा. अर्जात पद्धत, तारखा, माणसं, होडी आणि "काहीही तोडणार नाही" हे स्पष्ट लिहा. तोडायचंच असेल तर तो वेगळा आणि बराच लांबचा रस्ता आहे. संस्थेच्या नावानेच तो धरावा.

सगळे समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि खडक रचणारे कठीण प्रवाळ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. वाळूत वाहून आलेला सुकलेला पंखासुद्धा पिशवीत टाकायचा नाही. आपल्यासारख्या तीर्थक्षेत्री राहणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून घरी सांगावी: वास्तुदोषावर उतारा म्हणून जे 'इंद्रजाल' विकलं जातं, ते काळं, जाळीदार 'झाड' वनस्पती नसून समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं. ते देवघरात ठेवणं हाही गुन्हाच.

नाव नंतर, आकार आधी

आमच्या पहिल्या फेरीत खडकाच्या ओहोटीपट्ट्यात अकरा 'मृदू प्रवाळ' नोंदवले गेले होते. परत येऊन फोटो मोठे करून पाहिले तर अकराच्या अकरा झोअँथिड निघाले. कोकणच्या खडकांवर नवख्याला सर्वांत जास्त फसवतो तो हाच जीव. बटणांची चादर अंथरल्यासारखा दिसतो, मऊ असतो, वसाहत करून राहतो. पण त्याची शुंडकं तोंडाभोवती दोन ओळींत असतात, साधी, बिनपिसाची. शिवाय त्यांतल्या पॅलिथोआमध्ये अत्यंत जहाल विष असू शकतं, तेव्हा हाताला जखम असताना तर सोडाच, एरवीही बोट लावू नये. स्पंजाला शुंडकं नसतात, नुसती भोकं असतात. समुद्रफूल एकेकटं आणि मोठं असतं.

खात्री पटली की समोर आठ शुंडकांचा प्राणी आहे, तर पुढचा प्रश्न आकाराचा. पाण्याखाली मी फक्त आकाराचा गट लिहायला सांगतो: छत्रीसारखा, बोटांसारखा, वळ्या-वळ्यांचा, झुडपासारखा, पंख्यासारखा, चाबकासारखा, नळ्यांचा, पसरट थर. वंशाचं नाव मुक्कामावर परत आल्यावर, तेही "बहुधा" लावून. पुस्तकी ओळख थोडक्यात अशी:

सार्कोफायटन गुळगुळीत देठावर भूछत्रासारखा उभा असतो. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे पॉलिप असतात, मोठे फुलणारे आणि मध्ये बारीक ठिपक्यांसारखे. लोबोफायटनमध्येही दोन प्रकारचे पॉलिप, पण वसाहत वळ्यांची आणि बोटांची. सिन्युलारिया बोटांसारखाच दिसतो, मात्र पॉलिप एकाच प्रकारचे, आणि बुडाशी हाताला लागाव्यात अशा जाड कंटिका. क्लॅडिएला फुललेला असताना तपकिरी आणि मिटला की पांढुरका पडतो. दोन फोटोंमध्ये तो दोन प्राणी वाटू शकतो. डेंड्रोनेफ्थिया झुडपासारखा, रंगीत, पॉलिपभोवती कंटिकांचे काटे उघड्या डोळ्यांना दिसणारे. बऱ्याच प्रवाळांच्या अंगात उजेडावर अन्न करून देणारं शैवाल राहतं. याच्यात ते राहत नाही, म्हणून त्याला उजेडाची गरज नाही, वाहत्या पाण्याची आहे. कॅरिजोआ नळ्यांचा, पांढऱ्या फुलांचा, जेट्टीच्या खांबांवर आणि कपारीच्या छताखाली सावलीत वाढणारा.

आपल्या किनाऱ्यावर जाणाऱ्याने शेवटचे दोन आणि समुद्रपंखे नीट पाहून ठेवावेत. गढूळ पाण्यात उजेडावर अवलंबून नसलेल्यांना भेटण्याची शक्यता जास्त. म्हणून फक्त सपाट, उजळ खडक पाहून परतू नका. कपार, उभी भिंत, खडकाची पोटाकडची बाजू हेही नोंदपत्रकात वेगळे रकाने करून घ्या.

एक इशारा. जुन्या पुस्तकांत हे सगळे 'अल्सिओनेसिया' या एका गणात दिसतील. २०२२ मध्ये जनुकीय अभ्यासावरून ही मांडणी मोडली आणि दोन नवे गण आले. विद्यार्थ्यांनी परीक्षेत काय लिहावं ते गुरुजींना विचारावं, नोंदपत्रकात मात्र वंशाच्या वरचं काही लिहू नये म्हणजे वाद नाही.

घरची तालीम

चौकट अशी करायची: आतून ५० बाय ५० सेंटिमीटर येईल असे चार तुकडे, चार एल्बो, सॉल्व्हंट सिमेंट. चारही बाजूंना ड्रिलने आठ-दहा भोकं पाडा, नाहीतर आत हवा अडकून चौकट तरंगते. भोकांतून पाणी शिरलं की ती शहाण्यासारखी बुडते. दर १० सेंटिमीटरला नायलॉनची दोरी आडवी-उभी ताणली की आत २५ घरं आणि दोऱ्यांच्या १६ गाठी मिळतात. मोजणीच्या टेप दोन घ्या, फायबरच्या, स्टीलच्या नकोत. खाऱ्या पाण्याने स्टीलची टेप एका सहलीत संपते. पाटी म्हणून पांढऱ्या पीव्हीसी शीटचा तुकडा सँडपेपरने घासला की त्यावर पेन्सिल चालते. नोंदपत्रक छापायला आर्किटेक्ट वापरतात ती दुधी पॉलिस्टर फिल्म उत्तम, भिजत नाही, फाटत नाही. पेन्सिल दोरीने पाटीला बांधा. पेन्सिल तरंगत वर जाते आणि तुम्ही खाली राहता, हे सांगून कुणाला पटत नाही, एकदा अनुभव येतो.

आता तालीम. भाजीबाजारातून फ्लॉवर, धिंगरी आळंबी, आल्याचे फाटे, मुळ्याची पाल्यासकट जुडी आणि फुलबाजारातून कोंबड्याची फुलं आणा. गच्चीवर २० मीटर टेप अंथरा, दोन्ही बाजूंना हे सगळं विखरा, मधून मधून विटा आणि दगड ठेवा. आळंबी म्हणजे छत्री, कोंबड्याचं फूल म्हणजे वळ्या, आलं म्हणजे बोटं. दोन जणांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र मोजायचं. दोघांच्या आकड्यांत दहापैकी एकाहून जास्त फरक आला तर पुन्हा. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. आमच्या गटात फ्लॉवरला 'झुडूप' म्हणायचं की 'वळ्या' यावर झालेलं भांडण गच्चीवरच मिटलं, समुद्रात झालं असतं तर आकडे गेले असते. नंतर हीच तालीम जलतरण तलावात, प्लास्टिकच्या फुलांना वजन बांधून, तलावाची परवानगी घेऊन. तिथे शिकायचं ते मोजणं नव्हे, तळाला पाय न लावता एका जागी तरंगत राहणं. पंख्यांनी म्हणजे फिन्सनी गाळ उडवणारा माणूस स्वतःच्या मागच्या सगळ्यांचं काम बिघडवतो.

तिथी पाहून तारीख ठरवा

पावसाळ्यात समुद्र बंद. दिवाळीपर्यंत पाणी गढूळच असतं. डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. महिना ठरला की पंचांग उघडा. नाशिककराला तिथी शिकवायला नको, पण तिचा समुद्राशी असलेला हिशेब कोकणी माणसाकडून घ्यावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. सकाळी आणि संध्याकाळी सारखंच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा आहे, नक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यातून घ्यावी, पण नाशिकमध्ये बसून दिवस निवडायला तो पुरतो.

पायी चालत ओहोटीपट्टा पाहायचा असेल तर उधाणाचे दिवस, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे. तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं, मात्र ते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. थंडीत उजेड पुरत नाही, म्हणून दोन-तीन दिवस पुढची तिथी घ्या, ओहोटी उजेडात सरकते. बुडी मारायची असेल तर उलट: भांगाचे दिवस, नवमी-दशमी. पाण्याची ओढ कमी, गाळ खाली बसलेला, आणि भरती सकाळी सात-साडेसातला. भरतीबरोबर बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. भरती पूर्ण होण्याआधी अर्धा तास पाण्यात उतरलात तर त्या संथ तासाभरात दोन टेप होतात.

पाण्यात

जागा आधी नकाशावर ठरवा आणि कारण लिहून ठेवा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या मुखाजवळची एक, दूरची एक, पर्यटकांच्या बुड्या होतात तिथली एक आणि शांत एक, अशी निवड केली तर आकड्यांना काही विचारता येतं. सुरुवातीचा बिंदू डोळ्यांना आवडला म्हणून घ्यायचा नाही. दिशा आणि अंतर घरीच चिठ्ठ्या टाकून काढायचं. नाहीतर माणूस नकळत सुंदर खडकाकडेच पोहतो.

होडीवाल्या काकांशी आदल्या संध्याकाळी बसा. "प्रवाळ कुठे आहेत?" असं विचारलं तर पर्यटकांना दाखवायची जागा कळते. "जाळं कुठे अडकतं, आणि वर काढताना त्याच्यात काय येतं?" असं विचारलं तर समुद्रपंख्यांचा पत्ता लागतो.

रेषा टाकायची पद्धत जगभर वापरली जाते तीच ठेवा, म्हणजे तुलना होते. २० मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर सोडून, सगळे एकाच खोलीवर. प्रत्येक तुकड्यावर दर अर्ध्या मीटरला टेपच्या खाली नेमकं काय आहे ते लिहायचं: कठीण प्रवाळ, मृदू प्रवाळ, स्पंज, झोअँथिड, शैवाल, खडक, वाळू, गाळ. एका तुकड्याचे ४० बिंदू, चारांचे १६०. त्यात सहा बिंदूंवर मृदू प्रवाळ आले तर आच्छादन पावणेचार टक्के.

बिंदूंच्या पद्धतीची खोट अशी की विरळ जीव तिच्या हाती लागत नाहीत. आपल्याकडे तर मृदू प्रवाळ विरळच. म्हणून परत येताना टेपच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर पट्टा पाहून वसाहती मोजा. चार तुकड्यांचे १६० चौरस मीटर होतात. त्यात चार समुद्रपंखे, एक झुडूप असं काही हाती लागतं, जे बिंदूंमध्ये दिसलंच नसतं.

एक वसाहत कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते? माझा नियम: बूड वेगळं तर वसाहत वेगळी, वरच्या फांद्या एकमेकांत गुंतल्या तरी. कॅरिजोआला हा नियम लागू करू नका. तो खालून धावत्या मुळांसारखा पसरतो, त्याच्या वसाहती मोजणं म्हणजे हरळीचे 'झाड' मोजणं. त्याचं फक्त क्षेत्र मोजा, चौकट ठेवून किती घरं भरली ते. समुद्रपंख्याची उंची, रुंदी आणि तोंड कोणत्या दिशेला ते लिहा, कारण तो प्रवाहाला आडवा वाढतो, म्हणजे तुम्ही न मोजलेल्या प्रवाहाची दिशा तो सांगून जातो. त्याला तुटकं जाळं गुंतलं असेल तर तेही लिहा.

आता ज्या गोष्टीने मृदू प्रवाळाचे आकडे सर्वांत जास्त बिघडतात ती. हा प्राणी फुगतो आणि आकसतो. पाणी भरून घेतलं की मोठा, मिटला की त्याचा निम्मा. पावणेदोनच्या ओहोटीला तुम्ही मोजलेलं आच्छादन आणि सकाळी साडेसातच्या भरतीला मी मोजलेलं, यांत फरक निघाला तर प्रवाळ कमी झालं असं मुळीच नाही. म्हणून प्रत्येक वसाहतीपुढे एक खूण: फुललेली, अर्धी, मिटलेली. आणि पुढच्या वेळी त्याच तिथीच्या आसपास, भरतीच्या त्याच टप्प्यावर जायचं. खोलीचंही तसंच. तुमच्या मनगटावरचं यंत्र पाच मीटर दाखवतं, पण भरती-ओहोटीने तेच ठिकाण दोन मीटरने बदलतं. वेळ लिहा, तक्त्यावरून खोली सुधारून घ्या.

फोटो प्रत्येक वेगळ्या वसाहतीचे तीन: मोजपट्टीसह पूर्ण, बाजूने देठ आणि बूड दिसेल असा, आणि पॉलिपचा जवळून. तिसरा नसला तर पहिल्या दोघांवरून नाव लागणं कठीण. पाच मीटरवरच लाल रंग बराचसा विझलेला असतो, म्हणून टॉर्च आणि कडेला पांढऱ्या पाटीचा तुकडा फोटोत येऊ द्या, रंग नंतर सावरता येतो.

ज्यांच्याकडे तुकडा घेण्याची परवानगी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सेंटिमीटरभर तुकडा, टोकाचा वेगळा आणि बुडाचा वेगळा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिन कधीच नाही. ते आम्लधर्मी होतं आणि चुन्याच्या कंटिका विरघळवतं, ओळखायची खूणच जाते. प्रयोगशाळेत किरकोळ तुकडा ब्लीचच्या द्रावणात ठेवला की मांस विरघळतं, कंटिका तळाला बसतात. डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुऊन काचपट्टीवर घ्या. साध्या कंपाउंड सूक्ष्मदर्शकाखाली गदा, चाती, डंबेल असे आकार दिसतात. जी मुलं पाण्यात उतरू शकत नाहीत त्यांच्यासाठी हे काम म्हणजे पर्वणी.

पाण्याचे आकडे

इथे नाशिककराचा एक फायदा आहे आणि एक फसगत. फायदा असा की द्राक्षाच्या भागात रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर, ईसी (विद्युतवाहकता) मीटर घरोघरी माहीत असतात. फसगत अशी की तीच यंत्रं समुद्रात नेली जातात. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साखरेसाठी आखलेला असतो, त्यातून क्षारता वाचता येत नाही. बागेच्या ईसी मीटरची मर्यादा बहुधा २० मिलिसीमेन्सच्या आत संपते, आणि समुद्राचं पाणी २५ अंशांना ५३ च्या आसपास असतं. मीटर नुसतं एरर दाखवतं. मत्स्यालयवाल्यांकडे मिळणारा समुद्राच्या पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. स्वस्त यंत्रांवरची रेघ कधी कधी नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी असते, त्यात दीडभर फरक पडतो.

गढूळपणासाठी सेक्की तबकडी, म्हणजे दोरीने पाण्यात सोडायची काळी-पांढरी चकती, २० किंवा ३० सेंटिमीटरची, खाली वजन, दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ. होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये, उन्हाचा काळा चष्मा काढून. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, दोन्हींची सरासरी. १.७ ला या खोलीने भागलं की प्रकाश विझण्याचा दर मिळतो. सेक्की पाच मीटर आली तर दर ०.३४, म्हणजे पाच मीटरवर वरच्या प्रकाशाचा फक्त १८ टक्के हिस्सा पोहोचतो. शैवालाच्या जोरावर जगणाऱ्या सार्कोफायटनला हे तोकडं आणि कॅरिजोआला चालणारं का, ते या एका आकड्यात कळतं.

गाळ मोजायला पुन्हा पाईपच: पाच सेंटिमीटर आतला व्यास, किमान १५ सेंटिमीटर उंची, खालून बंद, लोखंडी सळईला बांधून तळावर उभा. स्थानिक माणसाच्या मदतीने दोन आठवड्यांनी काढायचा. साठलेला गाळ गोड्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर मिठाचंच वजन होतं. ६० अंशांना वाळवून तोला. समजा २.२ ग्रॅम भरला. नळीचं तोंड १९.६ चौरस सेंटिमीटर, दिवस १४. भागाकार केला की दिवसाला दर चौरस सेंटिमीटरला ८ मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅमच्या वर सतत गाळ पडत असेल तर प्रवाळांवर ताण असं सामान्यतः मानलं जातं.

तापमानासाठी एकदाच मोजलेला आकडा फारसा उपयोगाचा नाही. तासातासाला नोंद घेणारा छोटा लॉगर खडकाला बांधून ठेवला तर वर्षाची गोष्ट कळते. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ पांढरे पडू लागतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याचे इशारे देते, निघण्याआधी पाहून घ्या.

विरघळलेला ऑक्सिजन मोजणार असाल तर नमुना नाशिकला आणून उपयोग नाही. सहाशे किलोमीटरच्या प्रवासात बाटलीतले जीव तो खाऊन टाकतात. बाटली भरताक्षणी, होडीतच, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालून तो स्थिर करायचा. नायट्रेट-फॉस्फेटचं पाणी गाळून लगेच बर्फात, मग गोठवून. त्या पेटीत मासळी ठेवायची नाही. हे लिहावं लागतं याचं कारण आहे.

घाट चढण्याआधी थांबा

हा भाग किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या पुस्तकात सापडणार नाही. सिलिंडर लावून बुडी मारल्यावर रक्तात नायट्रोजन उरलेला असतो आणि लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीपासूनच लागू होतो आणि आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. म्हणजे दुपारी शेवटची बुडी मारून रात्रीची गाडी धरून आंबोलीमार्गे कोल्हापूरकडे चढणं हे शहाणपणाचं नाही. एकच बुडी असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर १८ तास थांबा. शेवटचा दिवस मुद्दाम ओहोटीपट्ट्याला, नमुने बांधायला आणि फोटोंना नावं द्यायला ठेवला की हा वेळ वाया जात नाही. स्नॉर्केलिंगवाल्यांना ही अट नाही. सनस्क्रीनऐवजी सगळ्यांनीच लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालावेत, तेवढंच पाण्यात कमी रसायन जातं.

आकडे जुळवताना

फोटोंवरून आच्छादन काढायला कोरलनेट किंवा सीपीसीई ही मोफत साधनं आहेत. फोटोवर बिंदू टाकतात, तुम्ही प्रत्येक बिंदूखाली काय ते सांगायचं. कोरलनेट स्वतः अंदाज सुचवतं, पण गढूळ पाण्यातल्या आपल्या फोटोंवर त्याचा अंदाज डोळे झाकून स्वीकारू नका.

विविधतेचा आकडा काढणं सोपं आहे. समजा एका जागी ४० वसाहती, चार प्रकारच्या: २०, १०, ६, ४. प्रत्येकाचा वाटा ०.५, ०.२५, ०.१५, ०.१. प्रत्येक वाट्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगने गुणून बेरीज केली आणि ऋण चिन्ह काढलं की शॅननचा निर्देशांक १.२१. चार प्रकार समसमान असते तर तो १.३९ आला असता, म्हणजे समतोल ०.८७. पण एका जागी १६० चौरस मीटर आणि दुसरीकडे ८० पाहून दोन निर्देशांक शेजारी मांडले तर ती फसवणूक आहे. जास्त पाहिलं की जास्त प्रकार सापडणारच. आणि जिथे सगळ्या मिळून पाच-सहा वसाहती आहेत तिथे निर्देशांक काढूच नये, सरळ यादी द्यावी.

नाव लागत नसेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पत्रासोबत तिन्ही फोटो, जागेचे जीपीएस आकडे, खोली आणि तारीख पाठवा. नुसता "हे काय आहे?" असा व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो पाठवू नका.

सामान परत आलं की त्याच रात्री गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, टेप पूर्ण उलगडून. फाइलला नाव देताना तारखेबरोबर तिथीही लिहा आणि कोणी मोजलं त्याची आद्याक्षरं. मूळ पॉलिस्टरची पत्रकं टाकायची नाहीत, संगणकात चढवली तरी. आमच्याकडे एका पत्रकावर पेन्सिलीने "बोटांसारखा, बहुधा सिन्युलारिया, खात्री नाही" असं लिहिलेलं आहे, आणि एक्सेलमध्ये चढवणाऱ्याने "खात्री नाही" तेवढं गाळलेलं आहे.